फक्कीच्या भिंती

सन १९४६, हिवाळा, सांगलीतला बाजाराचा दिवस. जागा: पेठेतला मोकळा प्लॉट. हजर: जागेचे मालक शेठजी, त्यांचे थोरले चिरंजीव, नकाशा काढणारे हवालदार आणि बांधकामावरचा कारकून म्हणून मी.

शेठजी दोन पावलं चालले, तोच हवालदार कडाडले, "हाल्ट! शेठजी, भिंतीतनं कुठं निघाला? दार तिकडं हाय."

भिंत कसली? जमिनीवर चुन्याच्या फक्कीची एक पांढरी रेघ होती.

हवालदार साताऱ्याकडचे. फौजेत पूल आणि बराकी बांधता बांधता नकाशे काढायला शिकले आणि लढाई संपल्यावर परत आले. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. "कागदावर कुणाचाबी पाय अडखळत न्हाई," म्हणायचे. म्हणून अख्खी इमारत ते खऱ्या मापानं जमिनीवर आखायचे आणि आम्हाला तिच्यातून हिंडवायचे. रेघ ओलांडली की "हाल्ट!"

इमारत चार मजली होणार होती. खाली दुकानं, त्यावर हळदीच्या अडत्यांच्या पेढ्या, त्यावर बिऱ्हाडं. गाव हसत होतं, "आभाळाला टेकू देताय काय?" हवालदारांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव होता मधल्या चौकात. दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांना उघडा, एक नळ, एक कट्टा, आणि चौकातून थेट गच्चीवर जाणारा जिना. तोही सगळ्यांसाठी. "नदी काय निस्ती भाडेकऱ्यांनी बघायची?"

शेठजी चौकात उभे राहिले. "हवालदार, ही रिकामी जागा कशाला? इथं रांगेनं गाळे बसतात."

"रिकामी न्हवं शेठजी, मोकळी."

"फरक काय?"

"रिकाम्यात कुणी नसतं. मोकळ्यात कुणीबी येतं."

"पुढच्या बाजारापर्यंत गाळे आखा. नाहीतर दुसरा माणूस बघतो," असं बजावून शेठजी गेले.

पुढच्या बाजारी मी पाहतो तो रेघा जशाच्या तशा. उलट हवालदार सकाळपासून रस्त्यावर उभे राहून बाजारकरणींना आत आणून बसवत होते. पलूसकडच्या भाजीवाल्या, जतकडून घोंगडी घेऊन आलेली एक म्हातारी धनगरीण. "दारानं या गं बायांनो, दारानं!" आणि त्या खरंच रेघ मोडत नव्हत्या.

शेठजी आले. "कुणी बसवलं यांना?"

"मी. आता उठवायचं तुमी बघा."

शेठजी तरातरा त्यांच्याकडे निघाले. तेवढ्यात घोंगडीवाली ओरडली, "आवं मालक, भिंतीत का हुबं ऱ्हायलाय? दारानं या की!"

चौक खदाखदा हसला. शेठजींनी खाली पाहिलं. एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे. क्षणभर वाटलं, आता चुना उधळून देणार. पण ते मागे फिरले, वळसा घालून दारातून आत आले आणि म्हातारीला म्हणाले, "घोंगडं केवढ्याला?"

संध्याकाळी त्यांनी हवालदारांना बोलावलं. "चौक ठेवतो. तुम्हाला नाही."

"बरं झालं. चौकाला पगार लागत न्हाई," हवालदार म्हणाले. टोपी सारखी केली आणि मला बाजूला घेतलं. "गड्या, जिना पार वरपतोर ने. मधी कुणी अडवलं तर तूबी अडून बस."

ते साताऱ्याला गेले आणि तिकडेच वारले. उभी राहिलेली इमारत त्यांनी पाहिली नाही. जिना मी वरपर्यंत नेला. चौकात आजही बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. गच्चीच्या तोंडाशी मात्र शेठजींच्या माघारी थोरल्या चिरंजीवांनी दार बसवलं आणि कुलूप घातलं.

चावी मागायला मी अधूनमधून जातो. ते विचारतात, "गच्चीवर लोकांचं काम काय?"

मी म्हणतो, "काहीच नाही. म्हणून तर जायचंय."

ते हसतात, चहा पाजतात, चावी देत नाहीत. गेल्या खेपेला चहा नको म्हणालो. सोमवारी परत जायचं आहे. कुलूप अजून तिथंच आहे.