ताटावरचं वय

रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांवर नावं कोरून देणारा एक माणूस बसायचा. मशीन बंद असलं तरी त्याची बोटं थांबत नसत. गुडघ्यावर, डब्यावर, गिऱ्हाइकाच्या पातेल्यावर तबल्याचे बोल चालूच.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि आमच्या गणेशोत्सवात माझी लेक चक्क मंत्र्यांसमोर गायली होती. बक्षिसाचं स्टीलचं ताट घेऊन मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "मधोमध नाव टाका. खाली वय, सहा वर्षं."

त्यानं नाव कोरलं आणि मशीन बंद केलं. "वय नका टाकू, भाऊ."

"काहून?"

"पाच वर्षांचा होतो तेव्हा मले दोन उशांवर बसवून तबला वाजवायले लावत. हॉल भरून जाये. विसाव्या वर्षी त्याच्या दसपट चांगला वाजवत होतो, तं कोणी आलं नाही. लोक तबला नव्हते ऐकून राहिले. वय पाहून राहिले होते."

बोलताना त्याची बोटं माझ्याच ताटावर वाजत होती. मला राग आला. ताट उचललं आणि शेजारच्या गल्लीतून वय कोरून आणलं.

लेक आता एकोणीस वर्षांची आहे. गाते अजून, पण दार लावून. परवा जेवायला बसताना नेमकं तेच ताट तिच्यापुढे आलं. तिनं पहिला भात त्या आकड्यावर वाढून घेतला.