बगळ्यामागचा माणूस

तो रविवार मला आजही विसरता येत नाही. उरणकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळी दहाच्या सुमारास एक निवृत्त चित्रकला शिक्षक कॅमेरा छातीशी धरून आत आले. पायांना खाडीचा चिखल, चेहरा पांढराफटक.

"साहेब, त्यानं मला पाहिलं असेल का हो?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

पहाटे ते पाणथळीवर पक्ष्यांचे फोटो काढत होते. जुन्या कॅमेऱ्याची लांब लेन्स रिंग लावून त्यांनी नव्या कॅमेऱ्यावर बसवली होती. ती हाताने फिरवून फोकस करावी लागते. बगळ्यावर धरलेला फोकस हुकला आणि मागचा माणूस स्पष्ट आला. तो मेलेली बदकं गोणीत भरत होता. बदकांना जखम नव्हती. पायाशी भाताचं पातेलं आणि कीटकनाशकाचा डबा. फोटो मोठा केला, तर डब्यावरची विषाची लाल खूणही दिसली. म्हणजे भातात विष कालवून बदकं मारली होती.

ठाणे अंमलदाराने चेहरा ओळखला. हा स्कूटरवरून दारोदार मासळी विकायचा. साडेअकराला तो समोर होता, पण गोणी रिकामी होती. रविवार. घरोघरी मटण-मासळीचं वशाट शिजायची वेळ.

"कुणाकुणाला विकलीस?"

"आठवत न्हाय साहेब. फिरत फिरत इकली."

फोटो दाखवला. त्याने मान खाली घातली. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला. त्याचं एकच, "आठवत न्हाय." गिऱ्हाईकाचं नाव सांगितलं की तो साक्षीदार होणार, एवढा हिशेब त्याला कळत होता. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं.

"अरे, माणसं मरतील!"

"आतडी काडून देतो साहेब. शिजल्यावर काय ऱ्हातंय?"

मी ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. डॉक्टर म्हणाले, "शिजवून हे विष जाईलच असं नाही. कुणी खाल्लं असेल तर ताबडतोब इकडे आणा."

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "साहेब, दोन बदकं पोरीकडं दिली. सातवा म्हैना हाय तिला."

त्याच्याच मोबाइलवरून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तो जमिनीवर बसला आणि न विचारता घरं सांगू लागला. गल्ली, दाराचा रंग, कुणाला किती दिली. पोरीचं धरून नऊ घरं. हवालदार लिहीत होता, बिनतारी संदेशावरून गाड्या सुटत होत्या. देवळाच्या आणि मशिदीच्याही भोंग्यावरून सूचना द्यायला सांगून मी त्याला जीपमध्ये घातलं.

पोरीच्या दारात पोहोचलो तेव्हा ती ताट घेऊन उभी होती. फोन आत चार्जिंगला होता.

"खाल्लंस का?" बाप किंचाळला.

"न्हाय बाबा, मामंजींना आत्ताच वाढलंय."

सासऱ्यांनी चार घास खाल्ले होते. तोंडाला फेस येऊ लागला होता. त्यांना जीपमध्ये आडवं केलं. ते वाचले. सात घरांत आम्ही वेळेवर पोहोचलो. नवव्या घरातली म्हातारी एकटी राहायची. ती लवकर जेवायची. दार तोडावं लागलं, तोवर ती गेली होती.

त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे शिक्षाही झाली. पण मला आजही छळतो तो तासभर. मी त्याला कोठडीची, कोर्टाची भीती घालत बसलो. त्याच्या घरी कोण कोण आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं, तर पोरीचा विषय तेव्हाच निघाला असता आणि म्हातारीच्या दारावर आम्ही तासभर आधी थाप मारली असती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणत्याही आरोपीला माझा पहिला प्रश्न एकच असे, "घरी कोण कोण आहे?"