खोडाळ्याकडचा चावरा फोन

नाशिकच्या स्टँडवरून सकाळची जव्हारची एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत स्वेटर, सोल्डरिंगची पेटी आणि चंदेरी पाकिटांत घातलेले तीन सर्किट बोर्ड होते. नव्वदच्या दशकाची अखेर होती. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं.

पुण्यातल्या आमच्या छोट्या कंपनीने डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रांसाठी बिनतारी फोन बनवले होते. त्यातली चिप माझी. पावसाळाभर सगळे फोन नीट चालले. थंडी पडल्यावर मात्र खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर (वस्तीवर) एकाच ठिकाणचे तीन फोन एकामागून एक मेले. "लोक नीट हाताळत नसतील. तू जाऊन ये. तरी बंद पडला तर तिथला फोन काढूनच आणू," साहेब म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. चार वर्षं चिपा आखत होते, पण त्या कुठे जातात ते कधी पाहिलं नव्हतं.

त्र्यंबक मागे पडलं आणि खिडकीतून बोचरा वारा येऊ लागला. मी शाल डोक्यावरून घेतली आणि गाढ झोपले. जाग आली ती थेट जव्हारला.

"मोखाडा मोखाडा म्हणून दोनदा ओरडलो, ताई," कंडक्टर हसत म्हणाले. "आता आलाच आहात तर चहा घ्या आणि उलट गाडीने जा."

चहा घेतला, गरम वडे खाल्ले आणि मोखाड्याला परतले. तिथून खोडाळ्याची जीप. चौघांच्या बाकावर आम्ही सात जणी. दोन्ही बाजूंना नागलीची (नाचणीची) कापलेली शेतं, सागाची वाळून कुरकुरीत झालेली पानं. हवा इतकी कोरडी की ओठ फुटले. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

खोडाळ्याहून पुढे पाड्यावर पोहोचले. तिथल्या उपकेंद्रातल्या नर्स कुसुमताई मूळच्या पोशेऱ्याच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मला बघताच त्या ताठ झाल्या.

"कंपनीच्या ना तुम्ही? आम्ही काय मोडलं नाय त्याला."

"मी फक्त बघायला आलेय," मी म्हटलं आणि नवा बोर्ड बसवला. फोन लगेच बोलू लागला. सिस्टरचा चेहरा जरा निवळला. ऊन चढलं होतं. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठल्या, नायलॉनच्या साडीवरचा लोकरी स्वेटर डोक्यावरून काढला आणि फोनला हात लावला.

चट्! बोटापाशी बारीकशी निळी ठिणगी दिसली. सिस्टरनी हात मागे घेतला. फोन मेला.

"बघा! चावला! पत्रात लिहिलं होतं ना मी?"

लिहिलं होतं. 'फोन चावतो.' ऑफिसात ते वाक्य आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि हसलो होतो.

कोरड्या थंडीत लोकर नायलॉनवर घासली की अंगावर हजारो व्होल्टची वीज साठते. माणसाला ती मुंगी चावल्यासारखी लागते, पण चिपमधल्या केसाहून बारीक वाटा तिने जळून जातात. म्हणून चिपच्या कडेला, प्रत्येक पायापाशी (पिनपाशी) एक संरक्षक सर्किट ठेवतात. ते आलेला झटका नाजूक भागाला बगल देऊन बाहेर वळवतं. चिप लहान व्हावी, स्वस्त पडावी म्हणून ती सर्किटं मीच आखडून घेतली होती. झटक्यांची मोठी चाचणी पुढे ढकलली होती, आणि जुलैच्या दमट हवेत काही बिघडलंही नव्हतं.

"सिस्टर, चूक माझी आहे."

त्या म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात फोन बंद होता. एका बाळंतिणीला डोलीत घालून खोडाळ्यापर्यंत चालत नेली. जगली दोघं."

मी मेलेला बोर्ड काढून टेबलावर ठेवला.

"काय चुकलं ते मला कळंल असं सांगा," त्या म्हणाल्या.

"भाताच्या खाचराला जादा पाणी काढून द्यायला वाट ठेवतात ना, बांध फुटू नये म्हणून? तशीच वाट या चिपमध्ये असते."

दारात औषधासाठी बसलेले लखमाबाबा ऐकत होते. "मंजे वाट अरुंद ठेवलीस, बाय," ते म्हणाले.

अगदी तेच झालं होतं. रुंद वाट पुण्यात जाऊनच करता येणार होती. तोवर लखमाबाबांनी मोरीचं पाणी मुरतं तिथे लोखंडी नळी ठोकून दिली. तिला बांधलेली तार मी आत आणून फोनशेजारी भिंतीवर लावलेल्या स्टीलच्या ताटलीला जोडली. आधी ताटलीला हात, म्हणजे अंगावरची वीज ओल्या जमिनीत उतरेल; मग फोनला. दुसरा बोर्ड बसवला. सिस्टरनी चार वेळा स्वेटर घातला, चार वेळा काढला. ठिणगी ताटलीवर पडली. फोन चालू राहिला.

"मला चावू दे," बोट चोळत त्या म्हणाल्या, "फोन जगू दे."

संध्याकाळी त्यांच्याकडे नागलीची भाकर, उडदाचं वरण आणि सुकटीची चटणी जेवले.

सकाळी वरच्या पाड्यावरून एक तरुण धापा टाकत आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलटकरीण होती. सिस्टर खुर्चीवरून उठल्या, ताटलीला हात लावला, फोन उचलला.

"हॅलो, मोखाडा? जीप पाठवा. लवकर!"

जीप आली, वरच्या पाड्यावरून त्या तरुणाच्या बायकोला घेतलं. पुढच्या सीटवर मलाही जागा मिळाली. मोखाड्याच्या दवाखान्याबाहेर मी नाशिकच्या दोन गाड्या सोडल्या. दुपारी सिस्टर बाहेर आल्या, चेहराभर हसत.

"पोरगी! दोघी बऱ्या हायेत. आता जा तुम्ही."

पुण्यात आल्यावर साहेबांना म्हटलं, फोन काढायचा नाही, चिप बदलायची. ती मोठी होईल, महाग पडेल हेही सांगितलं. चूक कुणाची तेही सांगितलं. ते कागद पुढे सरकवून म्हणाले, "किती मोठी? काढून दाखव."

नवी चिप यायला पुढची थंडी उजाडली. ती घेऊन मी स्वतः गेले, आणि त्यानंतर तिथून तक्रार आली नाही. चिपचा नकाशा काढताना पूर्वी माझं सगळं लक्ष मधल्या भागात असायचं, कारण हुशारी तिथे दिसते. आता मी कडेपासून सुरुवात करते, जिथे माणसाचा हात लागणार असतो.