जबाबातला बदललेला प्रयोग

नोकरीतली बरीच प्रकरणे आता धूसर झाली आहेत. लालबागच्या जिन्याचे प्रकरण मात्र पाठ सोडत नाही. त्याचा तपास मी केला, त्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, आणि तो तपास चुकीचा होता. इतर कुणाचे नाव न घेता लिहितो आहे. चूक कुणाची, एवढे मात्र झाकणार नाही.

मी तेव्हा त्या भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकून चहा घेत असताना ठाणे अंमलदाराने वर्दी आणली. चाळीच्या जिन्यावरून पडून एक गृहस्थ गंभीर जखमी झाले होते आणि त्यांना परळच्या रुग्णालयात नेले होते. कचेरीत कारकुनी करणारा, पन्नाशीचा, सरळमार्गी माणूस. अपघात म्हणून नोंद झाली. दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही.

“साहेब, ते पडले नाहीत. पाडलं त्यांना.”

“कुणी?”

“धाकट्या भावानं. चाळ बिल्डरकडे चाललीय ना, नवीन घर कुणाच्या नावावर, ह्याच्यावरून सकाळपासून जुंपली होती दोघांची. अख्ख्या मजल्यानं ऐकलंय. पण तुम्हाला कोण सांगणार नाय.”

पोलिसाच्या डोक्यात एकदा ‘पाडलं’ शिरले, की ‘पडले’ला जागा उरत नाही. मी लगेच पंचनामा केला. जिना धड होता, कठडा शाबूत होता, पायरीवर पाणी नव्हते. भांडण सगळ्यांनी ऐकले होते. धक्का कुणीच पाहिला नव्हता. धाकट्याला मी ठाण्यात आणले. चाळिशीचा, बिनलग्नाचा, आई आणि भाऊ-वहिनींबरोबर त्याच खोलीत राहणारा.

“काय झालं ते सरळ सांग.”

“भांडत होतो साहेब. मला खाली जायचं होतं, दादा वाट अडवून उभा. मी हात झटकला आणि... हात लागला.”

“हात लागतो कसा रे? हात म्हणजे काय तव्याचा चटका, लागायला? हात उचलावा लागतो.”

“नाही साहेब. लागला.”

दमात घेतले, चहा पाजला, पुन्हा दमात घेतले. तो त्या एका शब्दावरून हलला नाही. मला तो निर्ढावलेला वाटला. आज वाटते, त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून निरोप आला की जखमी शुद्धीवर आहेत, पण भरवसा नाही. मृत्युपूर्व जबाब घ्यायला दंडाधिकारी येईपर्यंत थांबण्याइतका वेळ नव्हता. आमच्या ठाण्यातले, जबाब लिहून घेणारे रायटर हवालदार बरोबर घेऊन मी धावलो. ड्यूटीवरचे डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी न कळणारे. रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे, एवढे त्यांनी लिहून दिले. नातेवाइकांना मी बाहेर थांबवले.

“तुम्ही कसे पडलात?” मी विचारले.

त्यांना श्वास पुरत नव्हता. तरी ते स्पष्ट बोलले. “भांडत होतो आम्ही. त्याच्याकडून ढकललं गेलं.”

हवालदारांची लेखणी थांबली. “साहेब, ‘ढकललं गेलं’ असंच घेऊ?”

“असं काय घेता? कर्ता कुठाय? ‘त्याने मला ढकलले’ लिहा.”

“ते ‘त्याच्याकडून’ म्हणाले, साहेब.”

“त्याच्याकडून म्हणजे ‘बाय हिम’. व्हॉइस बदलला म्हणून अर्थ बदलत नाही हो. लिहा.”

हा माझा आत्मविश्वास कुठून आला, ते सांगायला हवे. माझे वडील गिरगावात इंग्रजी शिकवत. पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे कर्मणी प्रयोग, ही त्यांची खास आवड. ‘द रॅट वॉज किल्ड बाय द कॅट’ असे वाक्य फळ्यावर लिहून ते म्हणत, “कर्ता ‘बाय’च्या मागे लपून बसतो. त्याला कॉलर धरून वाक्याच्या दारात आणून उभा करा.” पुढे पोलिसात आल्यावर हे वाक्य मला आमच्या खात्यासाठीच केलेले वाटू लागले. माझ्या इंग्रजीचे विभागात नाव होते. वरिष्ठांचे अहवाल माझ्याकडून लिहून घेतले जात. त्या दिवशीही मी तेच केले. लपलेला कर्ता ओढून पुढे आणला.

फक्त ते वाक्य इंग्रजी नव्हते. उंदीर मांजराने मारला काय आणि मांजराकडून मारला गेला काय, उंदीर मेलेलाच असतो. पण आपल्याकडे माणूस ‘त्याच्याकडून अमुक केलं गेलं’ म्हणतो, तेव्हा तो दोष देत नसतो. त्याच्या मनात नव्हतं, घडून गेलं, असे तो सांगत असतो. मरता मरता तो माणूस भावाला सोडवत होता. मी त्याच्याच तोंडून भावाला अडकवले.

जबाब वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले होते. अंगठा हवालदारांनी धरून उमटवला आणि मी त्याला होकार समजलो. संध्याकाळी ते गेले.

खटल्यात तोच जबाब मुख्य पुरावा ठरला. बचावाच्या वकिलाने मला विचारले, “हे मयताचेच शब्द आहेत का?” मी म्हणालो, “होय, त्यांचेच.” जबाब मोठ्याने वाचला गेला तेव्हा मागच्या बाकावर बसलेली दोघा भावांची आई उठून बाहेर गेली. वहिनींनी दिराकडे एकदा पाहिले, पुन्हा पाहिले नाही. सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. तो ती पुरी भोगून बाहेर आला. त्याच्या वकिलाने केलेले अपील उच्च न्यायालयात अजून पडून आहे.

गेल्या वर्षी दादरच्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात, माझ्या हातून लोणच्याची बरणी निसटली. पत्नी बाहेरून ओरडली, “काय झालं हो?”

“काही नाही गं. माझ्याकडून बरणी फोडली गेली.”

“मग उचला काचा. तुम्ही मुद्दाम फोडलीत असं कुठे म्हणतेय मी? जबाब कसले देताय?”

ती हसत आत आली. मी तेलात पाय भरवून तसाच उभा होतो. रुग्णालयातली ती खाट समोर दिसत होती. हवालदार आता हयात नाहीत. त्या खाटेवरचे शब्द माहीत असलेला मी एकटाच उरलो होतो.

धाकटा शिवडीला एका गोदामात काम करतो, असे कळले. मी गेलो. त्याने मला ओळखले, खुर्ची दिली नाही. मी उभ्यानेच सांगितले. दादाचे मूळ शब्द सांगितले. मग त्याने ते पुन्हा म्हणायला लावले.

“त्याच्याकडून ढकललं गेलं,” मी म्हणालो.

तो गोणीवरची सुतळी सोडवू लागला. “साहेब, काय झालं ते मला ठाऊकच होतं. मी तिथंच होतो. दादाला ठाऊक होतं का, एवढंच कळत नव्हतं.” मग म्हणाला, “वहिनीला सांगा. मी सांगून ती ऐकणार नाही. दार पण उघडत नाही.”

वहिनी आता त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी मला आत घेतले, पाणी दिले. माझे ऐकून झाल्यावर विचारले, “हे तुम्हाला त्या दिवशी कळलं नाही? मराठीच आहात ना तुम्ही?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“सासूबाई गेल्या,” त्या म्हणाल्या. “शेवटी शेवटी म्हणायच्या, एका लेकानं दुसऱ्याला मारलं, मी रडू कुणासाठी? त्यांना आता कोण सांगणार?”

अपिलासाठी मी प्रतिज्ञापत्र करतो आहे. माझ्या वकिलाने इंग्रजीत मसुदा आणला. त्यात होते, जबाब नोंदवताना चूक घडली. मी सांगितले, “चूक मी केली, असं लिहा. मी शब्द बदलला आणि शपथेवर खोटं बोललो.” वकील म्हणाले, “साहेब, ह्यानं तुमच्यावरच खटला होईल. पेन्शनचा विचार करा.” मी विचार केला आहे.

या प्रकरणाने एक गोष्ट शिकवली. जबाब घेणाऱ्याने समोरच्याची भाषा सुधारायची नसते. आज जे तरुण अधिकारी जबाब घेतात त्यांना एवढेच सांगेन, माणूस अडखळला तर अडखळणेही लिहा. न्यायालय काय करायचे ते करील.

त्या दिवशी मी निघताना वहिनी दारापर्यंत आल्या होत्या. लिफ्ट आली. मी आत शिरलो तेव्हा म्हणाल्या, “त्याचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे? माझ्याकडे होता. मी काढून टाकला.”