दुष्काळी रस्त्यावरची सायकल

रंगूबाईनं तो रस्ता आधी हातानं केला आणि मग चार वर्षांनी त्याच्यावरून सायकल हाणली.

बहात्तर साली येरळा नदीत नुसती वाळू उरली, तेव्हा सरकारनं खोऱ्यात रस्त्यांची कामं काढली. रंगूबाईचा नवरा लालासाहेब मोहिते पलटणीत, लांब आसामात. घरी हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. विट्यापासून आत, डोंगराच्या कुशीत तिची शेंडेवाडी. तिथून खिंडीपर्यंत चढणारा आणि पलीकडं नदीत उतरणारा रस्ता करायचा होता. ती हातोडा घेऊन खडी फोडायला बसली. तिच्याच ढिगावर जोडीला होती नदीपलीकडच्या पिंपळखेडची जन्नतबी. दोघींनी अकरा महिने एकाच सावलीत भाकरी खाल्ली. जन्नतबीचा अंगठा चेचला तेव्हा रंगूबाईनं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली होती.

पुढं पाऊस झाला, कामं थांबली, बायका आपापल्या गावी पांगल्या. रस्ता तेवढा राहिला. नदीवर पूल काही झाला नाही, त्यामुळं त्या रस्त्यानं कुणाला कुठं जायचंच नव्हतं. यष्टी नाही, ट्रक नाही, जीपसुद्धा नाही. लोक त्याच्यावर हुलगा वाळत घालायचे. धनगरांची मेंढरं दुपारची मधोमध बसायची.

शहात्तर साली लालासाहेब हवालदार होऊन पेन्शनवर घरी आला. येताना काळीकुळकुळीत सायकल घेऊन आला. रोज सकाळी तो तिला तेलपाणी करायचा, तारा पुसायचा, आणि विट्याला जाऊन यायचा. रंगूबाई चुलीपुढं बसून बघायची. बघता बघता तिच्या मनानं घेतलं.

एका दुपारी हवालदार घोरत पडलेला बघून तिनं सायकल हळूच बाहेर काढली आणि थेट दुष्काळी रस्ता गाठला. तिथं हसायला कोण होतं? कासोटा घट्ट खोचला, दांडीखालून एक पाय पलीकडं घातला आणि अर्धं अर्धं पायडल मारायला लागली. पहिल्या दिवशी तीनदा पडली. दुसऱ्या दिवशी मेंढरांत घुसली. चौथ्या दिवशी सायकल एकदम सरळ चालायला लागली, अशी, की तिलाच खरं वाटेना. "आगं बया!" ती मोठ्यानं ओरडली, आणि ओरडण्याच्या नादात पुन्हा पडली.

घरी आल्यावर लालासाहेबानं वाकडं झालेलं पायडल बघितलं, मग बायकोचा खरचटलेला गुडघा बघितला.

"कवापास्नं चाललंय ह्ये?"

"चार दिस झालं."

ती बोलणी खायच्या तयारीनं उभी होती. हवालदारानं पान्हा आणला, पायडल सरळ केलं आणि म्हणाला, "चाकाकडं बघत असशील, म्हणून पडतीस. नजर म्होरं ठिवायची, लांब. उद्या दांडीवरनं टांग टाकायची शिकवतो."

त्यानं तिला रंगरुटासारखं शिकवलं. महिन्याभरात ती सीटवर बसून खिंडीच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागली. चढ मात्र दमवायचा. पहिल्यांदा तिनं सायकल ढकलत वर नेली. खिंडीत उभी राहून खाली बघितलं. नदीची वाळू उन्हात चमकत होती, आणि तिच्या हातच्या खडीचा रस्ता वळणं घेत घेत खाली उतरत होता. त्याच्यावर चिटपाखरू नव्हतं.

तिनं टांग टाकली आणि सायकल सोडली.

वाऱ्यानं डोईवरचा पदर केव्हाच मागं नेला. कानात नुसता घोंगाट. पहिलं वळण आलं, ती झुकली, सायकल झुकली, वळण मागं पडलं. ही मोरी, हिचे दगड आपणच रचले. हा मुरूम, इथं चाक घसरतं, डावीकडून घे! रस्ता तिला तळहातासारखा पाठ होता. खाली वाळूत सायकल रुतून थांबली तेव्हा ती एकटीच खदाखदा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग तिला वाटलं, इथवर आलेच आहे तर पलीकडं का नको? सायकल खांद्यावर मारली, घोट्याएवढ्या पाण्यातून नदी ओलांडली. पलीकडंही तसलाच दुष्काळी रस्ता होता, पिंपळखेडच्या लोकांनी केलेला, तसाच रिकामा. घटकाभरात ती जन्नतबीच्या दारात उभी राहिली.

जन्नतबी शेळीला पाला घालत होती. तिच्या हातातून पाला गळून पडला.

"रंगू? आन् ह्ये गं काय?"

"सायकल हाय. तुला भेटाया आले."

"चालत यायजायला दिस जातोय गं!"

"दुपारचं जेवण करून निघाले मी. अजून ऊन उतरलं न्हाई बघ."

दोघी तीन-चार वर्षांचं बोलून घेत बसल्या. परत जाताना जन्नतबीनंच सांगितलं, की वरच्या अंगाच्या गावानं तिसराही रस्ता केलाय, तो डोंगराला वळसा घालून शेंडेवाडीच्या शिवेला जातो, आणि तिथं नदीचा नुसता ओढा होतो. रंगूबाई त्या वाटेनं घरी आली. तीन गावांनी आपापले तीन रस्ते केले होते. ते एकमेकांना जुळतात हे सायकलवरून फिरलेल्या बाईला कळलं. तेवीस किलोमीटरचा गोल, आणि सगळ्या वाटेत गाडी म्हणून नाही.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा ती तो गोल मारायची. गावात कुजबूज झाली. लालासाहेब पारावर एकदाच बोलला, "मी शिकवलीया. कुणाला काय म्हनायचं आसंल तर मला म्हना." कुजबूज तिथंच थांबली.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर विट्याच्या शाळेतले कवायतीचे मास्तर भाऊसो शेंडेवाडीत आले. सव्वीस जानेवारीला सायकलची शर्यत घ्यायची होती, पण मोठ्या रस्त्यावर आता उसाच्या गाड्या आणि ट्रक एवढे, की पोरांचा जीव धोक्यात. "बिनगाडीचा रस्ता हाय म्हनं हिकडं. आन् तो ठावा असलेली एक बाई हाय."

"हाय की," रंगूबाई म्हणाली.

तिनं मास्तरांना सगळा गोल फिरवून दाखवला. खिंडीच्या उतारावर मास्तर दोन्ही ब्रेक दाबून आले. खाली आल्यावर म्हणाले, "वहिनी, पोरं चुकायला नगोत. तुमी म्होरं ऱ्हावा, खिंडीपत्तुर. तिथनं त्यांस्नी सोडून द्या, म्होरं वाट दावाया मी मानसं हुबी करतो."

शर्यतीच्या दिवशी विटा, तासगाव, थेट मिरजेहूनही पोरं आली. एकवीस जण. काहींच्या सायकली इतक्या हलक्या, की एका बोटावर उचलाव्यात. रंगूबाईनं हँडलला भगवं फडकं बांधलं. लालासाहेबानं शिट्टी फुंकली आणि ती निघाली.

चढाला मागून धापा ऐकू येत होत्या. ती मान न वळवता, सीटवरून उठून, दात खाऊन पायडल मारत होती. खिंडीत पोचली आणि बघते तर काय, रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या! खडी फोडणाऱ्या सगळ्या, दोन्ही तीरांवरच्या. पुढं जन्नतबी. "रंगू! रंगू, हाण!" तिनं पदर हवेत फिरवला.

इथं थांबायचं ठरलं होतं. कोण थांबतंय! रंगूबाईनं खाली बघितलं, तिचा रस्ता तिच्यापुढं मोकळा पडला होता. तिनं सायकल उतारावर घातली.

मिरजेचे दोघं तिला दुसऱ्या वळणावर मागं टाकून गेले. एक तिसरा आला, तो मुरमावर घसरून मेंढरांच्या काटेरी कुंपणात गेला. ती डावीकडून निघून गेली. नदीत मागच्यांपैकी कुणी तिला गाठू शकलं नाही, कारण सायकल खांद्यावर घेऊन वाळूत पळायची सवय फक्त तिला होती. पिंपळखेडात लोकांनी ताशा आणला होता. वळशाच्या रस्त्यावर तिच्या मांड्या पेटल्या, घसा कोरडा पडला. ओढ्यापाशी मागून पुन्हा धापा आल्या. तिनं वळून बघितलं नाही, नजर पुढं, लांब ठेवली.

शेंडेवाडीच्या शाळेपुढची चुन्याची रेघ तिनं तिसरी ओलांडली.

ती सायकलवरून उतरली आणि तिथंच खाली बसली. लालासाहेबाला काय करावं कळेना. तो नुसताच शिट्टी फुंकत राहिला. भाऊसो मास्तर वही घेऊन धावत आले. पहिले दोघं लिहून झाले होते. तिसऱ्या आकड्यापुढं त्यांची लेखणी अडली.

"वहिनी, तुमचं नाव तर यादीत न्हाई. तुमी फकस्त वाट दावाया होता."

रंगूबाईनं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन तोंड पुसलं.

"मग लिवा की आता. रंगूबाई लालासाहेब मोहिते. शेंडेवाडी."

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. चौथा आलेला तासगावचा पोरगा गुडघ्यावर हात टेकून धापा टाकत होता. तोच म्हणाला, "लिवा मास्तर. तेवीस किलोमीटर ह्यांच्या मागनंच आलोय मी."

मास्तरांनी लिहिलं. मग रंगूबाईनं वही मागून घेतली आणि लिहिलेलं नाव, ओल्या शाईला बोट लागू न देता, बराच वेळ बघत राहिली.