चल ना, बेटी

देवाला मी कधी उलटून बोलले नव्हते, पण त्या गुरुवारी बोलले. कॅम्प-1 वस्तीतल्या आमच्या दत्ताच्या देवळात भजनाला पेटी मी वाजवते, लग्न होऊन भिलाईला आले तेव्हापासून. गेल्या उन्हाळ्यात उजव्या कानात एक बारीक आवाज सुरू झाला, कुकरची शिट्टी अडकून बसावी तसा. थांबेचना. त्या दिवशी पेटीवर सूर धरला, तर कानातला आवाज त्याला असा चिकटला की बायका कुठल्या सुरात गाताहेत हेच मला कळेना. भजन मोडलं. मी भाता मिटला आणि मनात म्हटलं, तुझीच सेवा करत होते ना, मग तीच काढून घेतलीस? त्यानंतर मी देवळात गेले नाही. घरी दिवा लावायची, पण डोळे मिटायची नाही. मिटले की नुसता तो आवाज.

कानाच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. भला माणूस. बीपी वाढलेलं निघालं, वजन ब्याऐंशी किलो. म्हणाले, "वजन कम कीजिए, बीपी संभालिए. आवाज़ कम हो भी सकती है, पर वादा नहीं करूँगा." बीपीची गोळी दिली, कानासाठी काहीच नाही. बाहेर बाकावर बसून मी चारचौघांत रडले. शेजारी एक म्हातारी होती, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेली, पायाशी भाजीची रिकामी टोपली. तिनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. माझा हात धरून ती काहीतरी म्हणाली. खडखडत्या पंख्याखाली, वाजत्या कानानं मी ऐकलं ते असं: "चल ना, बेटी, चल ना." तेवढ्यात तिचा नंबर पुकारला आणि ती आत गेली.

वजनाचं ताजं ऐकून आलेली मी! मला वाटलं, दत्तानंच हिच्या तोंडून चालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच चपला घातल्या. आमचे हे स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, चहा पीत ओट्यावर बसलेले.

"कावून, कुठं चालली एवढ्या सकाळी?"

"चालाले चालली. मले सांगतलं हाय."

"कोनं?"

मी सरळ रस्त्याला लागले. सांगितलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं.

गुडघे कुरकुरत होते. भात अर्धा केला तेव्हा तर मला रडूच येई, इतकी मी भाताची लोभी. चालताना नाम घ्यायची, पावलाला एक. आधी आवाजही माझ्याबरोबर चालायचा. दिवाळीपर्यंत नऊ किलो उतरले, बीपी खाली आलं, झोप लागू लागली. आणि एके सकाळी घरी परतल्यावर ध्यानात आलं की वाटेत कानाची आठवणच झाली नव्हती. आवाज गेला नाही, पण लांब गेला. वजनामुळे, झोपेमुळे की नामामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मीही फार विचारलं नाही.

मग भिलाईजवळच्या उतईच्या बाजारात ती म्हातारी दिसली. गोंदणावरून ओळखलं. पालेभाजीच्या ढिगाशीच वाकून मी तिच्या पाया पडले. म्हटलं, "अम्मा, आपने चलने को कहा था, मैं रोज चलती हूँ." ती आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली.

"चले बर नइ कहे रेहेंव, बेटी! चलन दे, कहे रेहेंव. कान बाजत हे त बाजन दे. मोर घलो बाजथे, बीस बछर होगे."

चलन दे. चालू दे. चालायला तिनं सांगितलंच नव्हतं. तिचाही कान वाजत होता, वीस वर्षं, आणि ती मेथीची जुडी बांधत होती. मला फार लाज वाटली आणि फार हलकंही वाटलं. निम्मंच ऐकलं होतं मी, आणि त्या निम्म्यानंही देवानं मला बरं केलं. उरलेलं निम्मं, ते वाजू दे म्हणणं, माझ्याच्यानं तेव्हा पेललं नसतं. आवाज थांबव, एवढंच मी मागत होते ना.

पुढच्या गुरुवारी देवळात गेले. दत्ताची माफी मागितली. पेटीचा भाता उघडला, सूर धरला. आवाज आलाच शेजारी, पण मी त्याच्याशी भांडले नाही, आणि बायकांचा सूर मला स्वच्छ ऐकू आला. भजन संपल्यावर यांनी हळूच विचारलं, "वाजून राह्यला का कान?"

"वाजून राह्यला," मी म्हटलं. "वाजू द्या."