एक्केचाळीस हिरवे ठोकळे

शालन अहिरेचं अंग एकीकडे आणि चित्त भलतीकडे, हे तिच्या सासूने लग्नानंतर महिनाभरातच ओळखलं होतं. गॅसवरचं दूध उतू जायचं. शालन समोर उभी राहून त्याच्याकडेच बघत असायची, पण दूध काही तिला दिसत नसायचं. सासू चिडायची नाही. "गेली बघा," एवढंच म्हणायची आणि स्वतः गॅस बंद करायची. पुढे नवरा सहदेवही तेच म्हणायला लागला. मुलगी संचिता नुकती बोलायला लागली होती तेव्हा "आई गेली, आई गेली" म्हणत डोंबिवलीतल्या त्यांच्या चाळीच्या गॅलरीतून पळायची, आणि नव्याने राहायला आलेल्या शेजारणींच्या काळजात धस्स व्हायचं.

कुठे जायची शालन? विचारलं तर तिलाही नीट सांगता यायचं नाही. फार लांब नाही, एवढंच तिला ठाऊक. समोर असेल त्याच वस्तूच्या आत कुठेतरी.

असं चित्त घेऊन तिने वागळे इस्टेटमधल्या एका खेळण्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं पॅकिंगचं काम केलं, आणि त्या कामाला ते चित्त चांगलं मानवलं. तिथे प्लास्टिकचे ठोकळे बनायचे, एकमेकांवर दाबून बसवायचे. त्यांची घरं, पूल, इंजिनं होतात. पलीकडच्या शेडमधून ते यायचे आणि इकडे लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायका ते मोजून, आतलं न दिसणाऱ्या पाऊचमध्ये भरायच्या. प्रत्येकीच्या पुढ्यात रंगारंगाचे क्रेट. छपराच्या पत्र्यांमध्ये अधूनमधून धुरकट प्लास्टिकचा पत्रा होता. दुपारी दोनच्या सुमाराला त्यातून ऊन उतरायचं, क्रेटांवर पडायचं, आणि बायकांच्या हनुवट्यांवर लाल-पिवळी झाक यायची. त्या वेळेला शालन हमखास जायची. हात मोजत राहायचे आणि ती, ज्या घराचे तुकडे भरत असेल त्या घरात शिरायची. जिना चढायची, खिडकी लोटून बघायची, वरच्या खोलीत जरा टेकायची. आयुष्यात तिने एकही संच स्वतः जोडला नव्हता, पण कारखान्यातलं प्रत्येक घर तिला आतून माहीत होतं.

हात सहसा चुकत नसत. चुकलेच तर टेबलाच्या टोकाला वजनाचा काटा होता. भरलेलं खोकं त्याच्यावरून जायचं. एक ठोकळा कमी पडला तरी दिवा लागायचा आणि खोकं परत यायचं. काट्याला फक्त रंग कळत नसे.

शेवटची दोन वर्षं ती एकाच मोठ्या संचावर होती. पांढऱ्या भिंती, तांबडं छप्पर आणि पुढे फरसबंद अंगण. अंगणासाठी एक्केचाळीस चपटे राखाडी ठोकळे. हे एकच घर तिला आवडलं नाही. घर छान होतं, पण अंगणात उतरलं की पायाला चटके बसायचे. तिथे काही उगवणार नव्हतं, कुणी येऊन बसणार नव्हतं. रोज किती अंगणं तिने भरली असतील. दरवेळी तिला वाटायचं, यात राहायला येणाऱ्यांनी दुपारी करायचं काय?

मग तिचं उजवं मनगट सुजायला लागलं. डॉक्टरांनी मोजणीचं काम बंद करायला सांगितलं, आणि पॅकिंगचा सुपरवायझर सुमित याने तिला जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसवलं. लोकांच्या तक्रारी तिथे यायच्या. अमुक संचात चाक नाही, तमुक संचात दोन डाव्या खिडक्या आल्यात. शालनने तो पीस शोधायचा, पाकिटात घालायचा, पत्ता लिहायचा. मनगटाला आराम होता.

चित्ताला मात्र तिथे भलतीच वाट सापडली. आता तिला घरं अर्धी दिसायला लागली. अकोल्यात कुठल्यातरी पलंगाखाली तीन चाकांचं इंजिन उभं आहे. सांगलीत एका पुलाचा मधलाच तुकडा नाही आणि त्याच्या दोन्ही टोकांना माणसं थांबलीत. पाकीट पोचेपर्यंत हे सगळे असेच राहणार, या विचाराने ती घरी आल्यावरही त्यांच्यात फिरत असायची. झोपेतसुद्धा एखाद्या भिंतीत एकाच विटेएवढं भोक दिसायचं आणि त्यातून गार वारा यायचा. सकाळी उठून ती सहदेवला सांगायची आणि तो, केमिकलच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघता निघता, "आज पाठव बाबा तेवढी वीट," म्हणायचा.

अशात एक पोस्टकार्ड आलं. आता सगळ्या तक्रारी मोबाइलवर येत; पोस्टकार्ड सुमितनेही पहिल्यांदाच पाहिलं. अक्षर छापल्यासारखं, ओळी फूटपट्टी लावल्यासारख्या सरळ. कल्याणहून कुणी त्र्यंबक घाणेकर लिहीत होते: अंगणाच्या संचात एक्केचाळीस राखाडी ठोकळे नाहीत, त्याऐवजी त्याच मापाचे एक्केचाळीस हिरवे निघाले. आतल्या चिठ्ठीवर सतरा हा आकडा आहे. तो ज्यांचा असेल त्यांची प्रत्यक्ष भेट होऊ शकेल काय? प्रकृतीच्या कारणाने आम्हाला ठाण्यास येणे शक्य नाही.

सुमित हसला. म्हाताऱ्याला भांडायचं दिसतंय, राखाडी पीस पाठवून द्या आणि विषय संपवा, म्हणाला. शालनने कार्ड उचलून पुन्हा वाचलं. प्रत्येक खोक्यात भरणारीच्या नंबराची चिठ्ठी जायची, आणि सतरा नंबर तिचा होता. घाणेकरांनी कार्डावर खोक्यावरची तारीखही उतरवली होती; ती पॅकिंगच्या टेबलावरच्या तिच्या अगदी शेवटच्या दिवसाची.

तो दिवस तिने आठवून पाहिला. दुपारचं ऊन आठवलं. राखाडी क्रेटच्या शेजारी कुठल्यातरी झाडांच्या संचाचा हिरवा क्रेट होता, तो आठवला. आपण अंगणात उभ्या आहोत आणि पाय भाजत नाहीयेत, हेही आठवलं. हात कुठल्या क्रेटमध्ये होता ते काही केल्या आठवेना.

संध्याकाळी ती सुमितच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली आणि नंबर आपला असल्याचं तिने सांगून टाकलं.

"अहो ताई, होतं असं. चुकूनच झालं ना?"

शालनला 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते म्हणवेना, आणि 'नाही' म्हणावं तर तेही खरं होतं की नाही, कोण जाणे. सुमितने मान वर करून तिच्याकडे बघितलं, मग रजिस्टरमध्ये 'चुकीचा रंग' असं लिहिलं आणि पुढचा कारणाचा रकाना कोराच सोडला. राखाडी ठोकळे पोस्टाने न पाठवता मी स्वतः नेऊन देऊ का, एवढं तिने विचारलं. तो म्हणाला, जा, पण ते काही बोलले तर मला फोन करा, एकट्या ऐकून घेऊ नका.

रविवारी दुपारी ती निघाली. पाऊच पर्समध्ये होता. पत्रीपुलावर रिक्षा अडकली, खाडीवरून वारा आला, आणि तिला वाटलं, घाणेकर म्हणजे उंच, हातात काठी असलेला माणूस असणार. दार उघडून पहिलं वाक्य काय बोलेल ते तिने तीन-चार प्रकारे ऐकूनही घेतलं. पारनाक्याजवळच्या त्या जुन्या इमारतीचे दोन मजले चढताना तिने माफीचे शब्द जुळवले, ते दारापर्यंत पोचेतो ती विसरली.

दार उघडलं ते एका लहानखुऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. काठीबिठी काही नव्हती. तिने सतरा नंबर आपला म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आत वळून जरा मोठ्याने म्हणाले, "सगुणा, अगं, त्या आल्यात."

खिडकीशी गादीच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या आसपासच्या. त्यांनी शालनकडे बघितलं ते तिच्या कानाच्या बाजूला. मग मान किंचित तिरपी करून, डोळ्याच्या कडेने पुन्हा बघितलं.

घाणेकर पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, जन्मभर नकाशे काढलेले. हे त्यांनी पाणी देता देता सांगितलं, आणि बाकीचंही तेच हळूहळू सांगत गेले. सगुणाबाईंच्या डोळ्यांचा मधला भाग दोन वर्षांपासून विझत चालला होता. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे, तेही रंग ठळक असला तरच. भाजी चिरायची बंद झाली, वाचन बंद, विणकाम बंद. बाई नुसत्या बसून राहायला लागल्या. तेव्हा काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून घाणेकरांनी हा संच आणला. त्यांनी नकाशा वाचायचा, तिने बसवायचं. भिंती झाल्या, छप्पर झालं. पण अंगणाची खालची पाटीच राखाडी, आणि ठोकळेही राखाडीच येणार. राखाडीवर राखाडी तिला दिसणार कसं? ते मनातून घाबरले होते. ती हे अर्धवट टाकेल आणि पुन्हा कशाला हात लावणार नाही, असं त्यांना वाटत होतं. त्या धास्तीने त्यांनी शेवटचा पाऊच आठ दिवस फोडलाच नाही.

"मग फोडला," सगुणाबाई म्हणाल्या. बोलणं आता त्यांनी हातात घेतलं होतं. "ह्यांनी तो माझ्या पुढ्यात ओतला. आणि मला दिसलं ना गं! हिरवंगार. दोन वर्षांत एवढं स्वच्छ मला काही दिसलं नव्हतं. मी विचारलं, हे कोणी घातलं? तर हे म्हणतात, चूक झालीय कारखान्याची."

शालनने मान खाली घातली. "झालीच होती, काकू. माझीच."

"एक-दोन ठोकळ्यांची चूक होते. एक्केचाळीस वेळा कोणी चुकत नाही." त्यांनी हात पुढे केला. शालनने आपला हात त्यात दिला. "मला फक्त एवढंच विचारायचं होतं. तुला कसं कळलं?"

कळलं नव्हतं. हे तिने कबूल केलं. मग आजवर कोणालाच न सांगितलेलं ते सगळं तिने त्या परक्या बाईंना सांगितलं: दुपारचं ऊन, घरात शिरणं, जिने, अंगणातले चटके, इथे राहणाऱ्यांनी दुपारी करायचं काय हा प्रश्न. सांगताना तिलाच ते वेड्यासारखं वाटत होतं. घाणेकर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. सगुणाबाई हसल्या नाहीत की नवलही केलं नाही. अंगणात चपला घालून जावं इतकंच एखाद्याने सांगावं, तशा सहजपणे त्या म्हणाल्या, "हो, तापलं असतंच."

घर टेबलावर होतं. शालनने ते पहिल्यांदा बाहेरून पाहिलं. ओळखीचं होतं, आणि नव्हतंही. आत तिला जे जिने उंच वाटायचे ते बोटाएवढे होते. पण अंगण हिरवं होतं, एका बाजूला जरासं वेडंवाकडं बसलेलं, कारण सगुणाबाईंनी ते कडेच्या नजरेने बसवलं होतं आणि नवऱ्याला हात लावू दिला नव्हता.

तिने पर्समधून राखाडी ठोकळ्यांचा पाऊच काढून संकोचत टेबलावर ठेवला. आता हे कशाला हवेत, तिलाच कळेना. घाणेकरांनी मात्र तो लगेच उचलला. नियमाने जे यायचं ते आलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर त्यांनी एकही रेघ वगळली नव्हती. त्यांनी कपाटातून जुना पुठ्ठा काढला, पट्टी काढली, आणि हिरव्या अंगणाच्या पुढे एक पायवाट आखायला बसले. एक्केचाळीस ठोकळ्यांची वाट बरीच लांब होणार होती. ती टेबलाच्या कडेपर्यंत जात होती.

"तू पण बस की," सगुणाबाई म्हणाल्या. "एक तरी लाव."

बावीस वर्षं शालनने ठोकळे मोजले होते, बसवला एकही नव्हता. तिने पहिला उचलला, जागेवर ठेवला, अंगठ्याने दाबला. बारीकसा 'टक' आवाज झाला. हा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. दुसरा तिने सगुणाबाईंच्या हातात दिला. त्या बोटांनी पहिल्याची कड चाचपायच्या, तिथून पुढे सरकायच्या आणि बरोबर तिथेच दाबायच्या. वाट अर्धी झाली तेव्हा चहा झाला. वाट पुरी झाली तेव्हा रस्त्यावर दिवे लागले होते आणि सहदेवचे दोन फोन येऊन गेले होते. आपण इतका वेळ कुठेही गेलो नव्हतो, इथेच होतो, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

कारखान्यात त्यानंतर काही बदललं नाही. तो संच अजून राखाडी अंगण घेऊनच बाजारात जातो. सुमितने सोमवारी विचारलं, फार बोलले का? तिने नाही म्हणून सांगितलं. तक्रारी येत राहिल्या, पाकिटं जात राहिली.

पण महिन्यातला एक रविवार शालनचा कल्याणमध्ये जायला लागला. जाताना ती कारखान्यातून विकत घेतलेला एखादा संच नेते, लाल नाहीतर गर्द निळ्या रंगाचा. दिवाळीच्या आसपास सगुणाबाईंना कडेचंही दिसेनासं झालं. त्या रविवारी शालन जिना चढताना घाबरली होती, पण बाई टेबलाशी तयार बसल्या होत्या, बाह्या दुमडून. घाणेकर नकाशा मोठ्याने वाचत होते, ठोकळ्यांवरच्या उंचवट्यांना बटणं म्हणत: चार बटणांचा एक, दोन बटणांचे तीन. शालन थोडा वेळ सगुणाबाईंच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनेही डोळे मिटले, हात पुढे केला, आणि ढिगातून दोन बटणांचा ठोकळा चाचपून शोधू लागली.

"हा नाही," सगुणाबाईंनी तिचं बोट धरून बाजूला सरकवलं. "त्याच्या शेजारचा."